आसामी चहाचं फ्रेंच कस्टर्ड

परीक्षेमुळे जोरहाटचा माझा रूम पार्टनर बिहूला घरी जाऊ शकला नाही. म्हणून त्याच्या घरच्या चहापत्तीचं क्रेम ब्रुले, म्हणजे फ्रेंचांची ‘जळवलेली साय’, करायला घेतलं. पहिल्या खेपेला पार चोथा! बलक ६५ अंशांच्या आसपास घट्ट होऊ लागतो; कस्टर्ड ८५ च्या पुढे गेलं की फाटतं.

दुसऱ्यांदा २५० मिली क्रीम तापवून गॅस बंद केला. त्यात २ चमचे पत्ती ५ च मिनिटं मुरवली. जास्त मुरली तर तुरट होते. गाळून ३ बलक आणि ३ चमचे साखरेत हळूहळू ओतलं. वाट्या गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून मॅडमच्या ओव्हनमध्ये १५० अंशांवर ३५ मिनिटं ठेवल्या. पाणी १०० च्या वर जात नाही, तेच कस्टर्डला सांभाळतं. गार झाल्यावर वर साखर पेरून लाल तापलेल्या पळीने ती जाळली.

पहिला चमचा खाऊन पार्टनर गप्प. मग म्हणाला, “थांब, आईला फोन लावतो.”