“कंपनीसाठीच तर घेतलं!”

॥ श्री ॥
आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२

या श्लोकात भगवंतांनी एक कडक शब्द वापरलाय : स्तेन, म्हणजे चोर. आणि तो दरोडेखोराला नाही. देवांनी जे दिलं त्यातलं त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो, त्याला. मिळालेली वस्तू मुळात कुणाची, हे विसरून ती वापरली तरी पुरे.

आपण आयटीवाले इथे पटकन निसटतो. “मी कुठे स्वतःच्या खिशात घातलं? प्रोजेक्टसाठीच तर घेतलं!” आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाचं असंच झालं. आधीच्या नोकरीत लिहिलेलं मॉड्यूल पेनड्राइव्हवर होतं आणि शुक्रवारी रिलीज. “दादा, लिहिलंय तर मीच ना?” लिहिलं त्यानेच, पण पगार घेऊन. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमही येतो, आणि वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालक कंपनीच.

पण कायद्याआधी मी त्याला आपल्या कोल्हापूरचं आज्ञापत्र सांगितलं. १७१५ च्या सुमाराचं, करवीरच्या संभाजीराजांच्या काळातलं. लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य, म्हणजे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतले, गगनबावड्याचे. (यातला झाडांचा उतारा व्हॉट्सॲपवर महाराजांचं पत्र म्हणून फिरतो. तो मुळात इथला.) आरमाराच्या प्रकरणात पंत म्हणतात, आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाला उपयोगी आहे, तरी त्याला हात लावू देऊ नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती मुळीच नाही.

आता बघा, आरमार कुणाचं होतं? राज्याचंच. लाकूड कुणा सरदाराच्या वाड्याला जाणार नव्हतं. तरीसुद्धा “राज्यासाठीच तर घेतलं” हे कारण पंतांनी चालू दिलं नाही. मला या उताऱ्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. सत्ता हातात असलेल्या माणसाने स्वतःच्याच खात्याला घातलेली अट आहे ही.

ओपन सोर्सचं लायसन्स म्हणजे तरी काय? धन्याने आधीच दिलेली संमती. एमआयटी लायसन्सची अट तर केवढीशी : कॉपीराइटची नि परवानगीची ओळ सोबत ठेवा. आपण तीसुद्धा पुसतो!

त्या मुलाने मॉड्यूल नव्याने लिहिलं. शिकलेलं डोक्यात होतंच, फाइल लागली नाही. रिलीज मंगळवारी गेलं. आमचे लीड दोन दिवस धड बोलले नाहीत.

उद्या श्लोक १३.
जय अंबाबाई 🙏