‘स्कर्व्ही’ शब्दाचा अर्थ व उपयोग

इंग्रजी निबंधांच्या वह्या तपासतांना एका वाक्यापाशीं मी थबकलों. विद्यार्थ्यानें पहिल्या महायुद्धांतील कुत-अल्-अमारा येथील वेढ्याविषयीं मोठ्या आस्थेनें लिहिलें होतें, आणि तेथें उपासमार सोसलेल्या मराठा पलटणींतील लोकांस त्यानें ‘स्कर्व्ही सोल्जर्स’ म्हटलें होतें. त्याच्या मनांत होतें ‘स्कर्व्ही रोगानें पीडिलेले शिपाई’. कागदावर उतरलें ‘हलकट शिपाई’. हेतु आदराचा आणि वाक्य शिवीचें! हा अनर्थ कसा घडला तें पाहूं.

मूळ इंग्रजी शब्द ‘स्कर्फ’. डोक्यांतील कोंडा किंवा त्वचेवरून सुटणारी खपली, हा त्याचा अर्थ. त्यापासून ‘स्कर्फी’ हें विशेषण झालें व त्याचेंच रूपांतर ‘स्कर्व्ही’. ‘लीफ’ शब्दाचें अनेकवचन करितांना ‘फ’चा ‘व्ह’ होतो, त्यांतलाच हा प्रकार. १६११ सालच्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत, लेवीयाच्या २१ व्या अध्यायांत, याजकाच्या अंगीं कोणतीं व्यंगें नसावींत हें सांगतांना हा शब्द आला आहे. तेथें कातडीचा विकार एवढाच अर्थ घ्यावयाचा. खलाशांच्या रोगाशीं त्याचा संबंध नाहीं.

पुढें मनुष्यस्वभावाप्रमाणें झालें. खपल्यांची किळस आली, आणि किळशींतून तिरस्कार उत्पन्न झाला. आपल्याकडे कोणास ‘लूत लागलेलें कुत्रें’ म्हणतांना बोलणाऱ्यास त्याच्या त्वचेची काळजी थोडीच असते! शेक्सपियरच्या ‘टेंपेस्ट’ नाटकांतील दारुडा नोकर तर आपल्याच गाण्याच्या चालीस हें विशेषण लावितो. गाण्यास कोठला कोंडा? म्हणजे तोंवर शब्दाचा मूळ अर्थ झिजून नुसती निंदा उरली होती.

युरोपांतील इतर भाषांत खलाशांच्या एका रोगास याच शब्दाशीं ध्वनीनें जुळणारीं नांवें होतीं. लॅटिनांत त्यास ‘स्कॉर्ब्यूटस’ म्हणत. त्या साम्यामुळें सोळाव्या शतकांत इंग्रजांनीं आपला जुना शब्दच त्या रोगास दिला. रोग मोठा दारुण. वास्को द गामा १४९८ च्या ऑक्टोबरांत कारवारजवळील अंजदीव बेटावरून परत निघाला; आफ्रिकेचा किनारा दिसेपर्यंत सुमारें तीन महिने लागले, आणि तेवढ्यांत त्याचे सुमारें ३० लोक मेले. १७४७ सालीं जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरानें १२ रोग्यांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्रीं व लिंबें खाणारे दोघे सर्वांच्या आधीं सुधारले. हें ठाऊक असूनही इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस सर्रास मिळूं लागण्यास १७९५ साल उजाडावें लागलें.

आतां कुतकडे वळूं. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत सहावी पुणें डिव्हिजन तेथें वेढ्यांत अडकली होती. तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. भाजीपाला संपला. गोऱ्या शिपायांनीं घोड्यांचें ताजें मांस खाल्लें. बहुतेक हिंदी शिपायांनीं धर्मभावनेमुळें तें बरेच दिवस नाकारलें. ताज्या मांसांत ‘क’ जीवनसत्त्वाचा थोडा अंश असतो. पिठांत व तुपांत तो नसतो. म्हणून हिरड्या सुजणें, त्यांतून रक्त येणें, जखमा न भरणें, हे भोग अधिक करून हिंदी शिपायांच्या वांट्यास आले. (उलट गोऱ्यांस पांढऱ्या पिठाच्या पावामुळें बेरीबेरी झाली, आपल्या लोकांस कोंड्यासकट दळलेल्या पिठानें त्यांतून वांचविलें.) त्यांच्या अंगीं हलकटपणा कोणता होता? उणीव होती ती लिंबाची.

या जीवनसत्त्वाच्या शास्त्रीय नांवांतही आपला शब्द लपला आहे. ‘अॅस्कॉर्बिक’ म्हणजे स्कॉर्ब्यूटस न होऊं देणारें. आरंभींचा ‘अ’ हा ‘अज्ञान’ शब्दांतील आपल्या ‘अ’चाच नातलग होय.

मराठींत या रोगास सर्वतोमुखीं झालेलें नांव नाहीं. आपल्या साखऱ्याकडे लिंबू, आवळा, हरभऱ्याची कोवळी भाजी आणि मोड आलेली मटकी घरोघर खाण्यांत असल्यामुळेंच असेल. सुश्रुतानें वर्णिलेला ‘शीताद’ हा हिरड्यांचा रोग याच्या जवळपास येतो. मात्र कोणी ‘रक्तपिती’ असें भाषांतर करूं नये. मराठींत त्या शब्दानें महारोग समजतात, आणि एक चूक सोडवितांना दुसरी पदरीं पडते.

उपयोगाचा नियम इतकाच. रोगाचें नांव या अर्थीं ‘स्कर्व्ही’ हें नाम आहे. त्यामागें ‘ए’ लावीत नाहींत व त्याचें अनेकवचन करीत नाहींत. मनुष्याच्या नांवापूर्वीं विशेषण म्हणून तें ठेविलें कीं निंदा होते, आणि तीही आतां जुनाट झालेली. रोगासंबंधीं विशेषण हवेंच असेल तर ‘स्कॉर्ब्यूटिक’ हा शब्द आहे.

त्या विद्यार्थ्यानें आपलें वाक्य खोडून ‘सोल्जर्स सफरिंग फ्रॉम स्कर्व्ही’ असें लिहून आणिलें, आणि मीं वहीवर सही केली.