पोटरीतील गोळा आणि आंबलेले अंग

शाळेत क्रीडासराव सुरू झाला की विद्यार्थ्यांच्या दोन तक्रारी कानी येतात : 'पोटरीत गोळा आला' आणि 'अंग आंबले'. दोन्ही तक्रारी स्नायूंच्याच. परंतु त्यांची कारणे व उपाय भिन्न आहेत.

गोळा श्रम चालू असताना किंवा लगेच नंतर येतो. थकलेल्या स्नायूवरील मज्जातंतूंचे नियंत्रण बिघडते व तो आपोआप आवळला जातो. अशा वेळी थांबावे आणि गुडघा सरळ ठेवून चवडा हळूहळू नडगीकडे ओढून धरावा. पुष्कळ घाम गेला असल्यास मीठ-साखरेचे पाणी द्यावे.

अंग आंबणे मात्र दुसऱ्या दिवशी जाणवू लागते व २४ ते ७२ तासांत सर्वाधिक होते. लॅक्टिक आम्ल साचून असे होते, ही समजूत चुकीची आहे; ते सुमारे तासाभरात निवळते. गड उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. अशा सवय नसलेल्या श्रमाने त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते व ते दुखतात. हलकी हालचाल ठेवल्यास काही दिवसांत आराम पडतो. सराव क्रमाक्रमाने वाढविल्यास हा त्रास पुढे कमी होतो.

अतिश्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाल्यास मात्र रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. नाश पावलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडे निकामी करू शकतात. शिक्षा म्हणून मुलांना शेकडो उठाबशा काढावयास लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.