वनस्पतिज फ्लॅव्हनॉइडे व मेदयुक्त यकृत

यकृताच्या शेकडा 5 हून अधिक पेशींत मेदाचे थेंब साठले, म्हणजे त्यास मेदयुक्त यकृत म्हणतात. मद्यपान न करणाऱ्यांतही स्थूलता व मधुमेह ह्यांमुळे हा विकार उद्भवतो. मेदाच्या ऑक्सिडीकरणाने पेशींस इजा पोचते, दाह होतो आणि कालांतराने तंतू वाढून यकृत कठीण बनते.

कांद्यातील क्वर्सेटिनसारखी फ्लॅव्हनॉइडे प्रयोगनळीत अशा ऑक्सिडीकरणास आळा घालतात. म्हणूनच संशोधकांचे लक्ष त्यांकडे वेधले. त्यांपैकी विशेष अभ्यास झाला तो सिलिमरिनचा. हा द्रव्यसमूह भूमध्यसागरी प्रदेशातील मिल्क थिसल ह्या काटेरी वनस्पतीच्या बियांत असतो.

परंतु प्रयोगनळी म्हणजे रुग्ण नव्हे. सिलिमरिन पाण्यात फारसे विरघळत नाही व आतड्यातून अल्पच शोषले जाते. मलेशियातील 99 रुग्णांवरील चाचणीचे फलित 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास 48 आठवडे सिलिमरिन व दुसऱ्यास निष्क्रिय औषध देण्यात आले. अपेक्षित सुधारणा पहिल्यात शेकडा 32.7, तर दुसऱ्यात शेकडा 26 रुग्णांत दिसली. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. तंतूंची घट मात्र अनुक्रमे शेकडा 22.4 व 6 रुग्णांत आढळली. ही गोष्ट आशादायक खरी, तथापि तिची खात्री मोठ्या चाचण्यांनीच व्हावयास हवी.

तोवर आहारनियमन व व्यायाम हाच मुख्य उपाय होय. शरीराचे वजन शेकडा 7 ते 10 ने घटल्यास यकृतातील मेद व दाह ही दोन्ही बहुधा कमी होतात.