साकव

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची रांग दक्षिणोत्तर पसरलेली आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना या रांगेच्या कुशीतून दक्षिणेकडे वाहत जाते आणि हेळवाकजवळ पूर्वेस वळून कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. तिच्या खोऱ्यात पाऊस अतोनात पडतो. उन्हाळ्यात लहान मूलही ज्याच्या दगडांवरून उड्या मारीत पलीकडे जाईल, तोच ओढा आषाढात असा फुगतो की, या काठची वाडी त्या काठच्या वाडीला पारखी होते. शाळा, बाजार आणि वैद्य ही सारी पैलतीरी राहतात. म्हणून डोंगरातील लोक अशा ओढ्यांवर साकव घालीत आले.

साकव म्हणजे पायी जाण्यापुरता लहानसा पूल. दोन्ही काठांवर दगड रचून बैठक करतात. तिच्यावर लांब वासे टाकतात. वाशांवर बांबूच्या कामट्या दाटीने बसवून त्या वेलींनी किंवा काथ्याने आवळतात आणि हाताला आधार म्हणून बाजूस एक आडवा बांबू बांधतात. एकट्याचे हे काम नव्हे. पाऊस सुरू होण्यापूर्वी वाडीतील माणसे एकत्र येतात, तेव्हाच साकव उभा राहतो. मोठ्या पुराने तो वाहून गेला, तर पुन्हा सर्वांनी मिळून घालावयाचा.

साकवाला लागणारा बांबू दिसतो वृक्षासारखा, पण तो आहे गवताच्या कुळातला. पावसाळ्यात बेटातून कोंब फुटतात व काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतात. मात्र ते पक्के होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणून जाणता माणूस कोवळ्या काठीला कोयता लावीत नाही. तो हिवाळ्यात जून काठ्या निवडून तोडतो आणि काही दिवस वाहत्या पाण्यात भिजत ठेवतो, म्हणजे त्यांना कीड लवकर लागत नाही. कळकाचे बेट सुमारे ४० ते ५० वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. त्या वेळी खाली रुजलेली रोपे गुरांपासून व वणव्यापासून राखली नाहीत, तर पुढच्या पिढीला साकवासाठी काठी कोठून मिळणार?

श्रावण सरताना पावसाचा जोर ओसरतो, आणि साकवाच्या दोन्ही अंगांस जणू बाग फुलते. दगडांवर नेचे डोलतात, उतारावर गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी उमलते. बांबूच्या पानांची सळसळ व खालच्या पाण्याची खळखळ एवढाच काय तो आवाज. या बागेला माळी नाही. कोयनेच्या खोऱ्यातील पुष्कळसे रान १९८५ साली अभयारण्य झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. अभयारण्यात तोड करण्यास मनाई असल्याने घराजवळची बांबूची बेटे जतन करणे अधिकच अगत्याचे ठरले आहे.

आता अनेक ओढ्यांवर सिमेंटचे पक्के साकव झाले आहेत. त्यांवरून आजारी माणसाला व शाळेच्या मुलांना पावसातही निर्धास्तपणे जाता येते, ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि बांबूच्या साकवाने लावलेली शिस्त विसरण्याजोगी नाही. जून तेवढे घ्यावे, कोवळे राखावे आणि सर्वांच्या वाटेसाठी सर्वांनी हात लावावा, ही ती शिस्त होय.