बिननावाची कुंडी

मॅगझिनसाठी लेख मागायला एडिटर आला तेव्हा मी "रोबोटिक्सवर देते" असं ठोकून दिलं होतं. पण माझ्या खिडकीतली कुंडी पाहून रूमवर येणारी प्रत्येकजण एकच प्रश्न विचारते, "हे काय आहे गं? मेलंय का?" त्याचं उत्तर एकदाच छापून टाकलेलं बरं. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत झाडांची नावं मला उशिरा कळली. चूकभूल सांभाळून घ्या.

साताऱ्याचं आजीचं घर विकलं तेव्हा प्रत्येकाने काही ना काही उचललं. माझ्या वाट्याला ही कुंडी आली. पेन्सिलीएवढ्या जाड, लोंबत्या, हिरव्या-करड्या चार काड्या आणि त्यांवर मांसल पानं. नाव फक्त आजीला माहीत होतं, आणि आजी आता नाही. मी ती सांगलीला आणली, हौसेने काळी माती भरली आणि रोज सकाळी पाणी घातलं. महिन्याभरात तीन काड्या बुडाशी पिवळ्या पडून लिबलिबीत झाल्या. उरली एक. तेव्हा कुठे मी अभ्यासाला लागले!

पहिली चूक मातीची होती. सिव्हिलवाल्यांना हे सांगायला नको. आपली कृष्णाकाठची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि ते धरून बसते. उसाला ते छान. पण पानात किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं, ज्यांना आपण सक्युलंट म्हणतो, त्यांच्या मुळांना हवा लागते. शिवाय बहुतेक सक्युलंट पाणी फार जपून वापरतात. पानफुटी सगळ्यांना माहीत असेल. कंपनी सरकारच्या काळात भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की तिचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारपर्यंत ती चव जाते. (तुम्ही चावून बघू नका, पानफुटीत विषारी द्रव्यं असतात.) कारण असं, की ही झाडं दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा वापरतात. उन्हात बाष्पीभवन होत नाही, पाणी वाचतं. अशा झाडाला रोज तांब्याभर पाणी म्हणजे शिक्षाच.

मग ओळख. सोपी परीक्षा म्हणजे सुईने हलकेच टोचून बघायचं. दुधासारखा चीक आला तर बहुधा शेर किंवा साध्या निवडुंगाच्या कुळातलं, म्हणजे युफोर्बिया. हा चीक वाईट! आमच्या मजल्यावरच्या एकीने शेराची काडी मोडली आणि तोच हात डोळ्याला लावला. दोन दिवस तिचा डोळा उघडत नव्हता. चष्मा घाला, हात धुवा, आणि डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन थेट डॉक्टरकडे जा. काटे असतील तर ते कुठून निघतात ते पाहा. लव असलेल्या छोट्या गादीतून झुबक्याने निघत असतील तर ते खरं कॅक्टस, जसा फड्या निवडुंग. तो मूळचा अमेरिकेतला, आपला नाही. कोरफड आणि घायपातीत गोंधळ झाला तर पान कापा. आत गर असेल तर कोरफड, दोरासारखे धागे निघाले तर घायपात.

माझ्या काडीला काटे नव्हते, आणि टोचल्यावर पाण्यासारखा रस आला. म्हणजे युफोर्बिया नाही, कॅक्टसही नाही. मग काय? इथे सगळे अडकतात, कारण नुसत्या पानांवरून पक्की ओळख पटत नाही, फुलाची वाट पाहावी लागते. दिवाळीनंतर तिची पानं गळू लागली. मी रडकुंडीला आले. उन्हाळाभर नुसती काडी, तीही सुरकुतलेली. फेकणार होते, पण आजीची म्हणून राहू दिली. पहिल्या पावसानंतर डोळे फुटले, आणि सप्टेंबरात इंचाएवढं फूल आलं. पाच टोकांची चांदणी, गडद तांबडी, वर पिवळी नक्षी.

शिंदळ माकुडी! शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. 1865 साली डाल्झेल या मुंबई इलाख्याच्या वनाधिकाऱ्याने ती जगापुढे आणली आणि गव्हर्नर बार्टल फ्रेअरचं नाव दिलं. हाच फ्रेअर 1847 पासून साताऱ्यात रेसिडेंट होता. आता शास्त्रज्ञ तिला बूसेरोशिया या प्रजातीत धरतात. जंगली अवस्थेत ती फक्त महाराष्ट्रात सापडते. शिवनेरी, पुरंदर आणि आमचा सज्जनगड, असल्या कड्यांच्या फटींत. एके काळी जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या 12 वनस्पतींत तिचं नाव होतं. आणि मी तिच्या तीन काड्या काळ्या मातीत कुजवल्या होत्या.

गंमत म्हणजे काडीपासून ती सहज लागते. चार बोटं लांबीची काडी स्वच्छ ब्लेडने कापायची आणि सावलीत चार-पाच दिवस सुकू द्यायची. कापलेल्या जागी खपली धरली पाहिजे. ओली काडी लावली की कुजलीच समजा. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तळाशी भोकं पाडायची (मी सोल्डरिंग आयर्न वापरलं, गॅलरीत बसून). एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा. वीट बांधकामावर फुकट मिळते. काडी खोचून आठवडाभर पाणी द्यायचं नाही, नंतर माती पूर्ण वाळली की थोडं. पान गळल्यावर जवळजवळ बंदच.

मागच्या ट्रिपला सज्जनगडावर एकाने विचारलं, "इथली एक काडी तोडली तर काय होतंय?" होतं. काडीपासून केलेली झाडं एकाच झाडाच्या झेरॉक्स असतात. हजार झेरॉक्स काढल्या तरी कड्यावरच्या वेगवेगळ्या झाडांमधलं वैविध्य त्यांत येत नाही. ते बियांतूनच येतं. त्यामुळे कड्यावरचं कड्यावर राहू दे. काडी हवी असेल तर माझ्याकडून घ्या. आता माझ्याकडे सहा डबे आहेत.

सध्या कपाटावर वर्तमानपत्रात तीन काड्या सुकत ठेवल्यात. त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावलीय: "मावशी, हा कचरा नाही, टाकू नका."