वस्तु वांकते तेव्हां काय होतें?

कोणत्याहि वस्तूवर बाहेरून जोर पडला असतां तिचा आकार थोडा तरी बदलतोच. रबर ओढलें कीं लांबतें, ओली माती दाबली कीं चेपते, हें सर्वांच्या पाहण्यांतलें आहे. पण ज्या बाकावर तुम्ही बसतां त्याची फळीहि तुमच्या भारानें वांकते, हें मात्र पुष्कळांस खरें वाटत नाहीं. ती इतकी थोडी वांकते कीं डोळ्यांस कळत नाहीं, आणि भार निघतांच पूर्ववत् सरळ होते. या गुणास स्थितिस्थापकता म्हणतात. भार दुप्पट केला तर आकारांतील बदलहि दुप्पट होतो, हा नियम इंग्लंडांतील रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. अर्थात् यास मर्यादा आहे. ती ओलांडली म्हणजे वस्तु वांकडीच राहते किंवा मोडते.

आतां एक प्रयोग करूं. एक जाड, लांबट खोडरबर घ्या व त्याच्या कडेवर शाईनें पांचसहा उभ्या रेघा जवळजवळ काढा. त्याचीं टोकें दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध बोटानें दाबा आणि रेघांकडे नीट पाहा. वरच्या अंगास त्या एकमेकींजवळ आल्या, खालच्या अंगास दूर सरल्या. म्हणजे एकच रबर वर दाबलें जात आहे व खालीं ताणलें जात आहे! मधल्या एका थरास मात्र ताणहि नाहीं, दाबहि नाहीं.

तेंच रबर एका टोकाशीं मुठींत घट्ट धरा आणि मोकळें टोक खालीं दाबा. सारें उलटें झालें. ताण वर गेला, दाब खालीं आला. भिंतींतून पुढें आलेल्या तुळईच्या टोकास भार टांगला तर ती कशी मोडेल, याचा विचार गॅलिलिओनें आपल्या १६३८ सालच्या ग्रंथांत केला आहे. वरची बाजू ताणली जाते हें त्यानें ओळखलें. खालची दाबली जाते, हें मात्र त्यानें हिशेबांत धरलें नाहीं. तेव्हां तुमचा तर्क पहिल्यानें चुकला तर खंत नको.

घर बांधतांना हें ज्ञान फार लागतें. काँक्रीट दाब उत्तम सोसतें. ताण मात्र त्याच्या सुमारें दहावा हिस्साच. म्हणून जेथें ताण पडेल तेथें पोलादी सळया घालतात. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबच्या मध्यभागीं त्या खालच्या अंगास हव्यात, आणि एकाच बाजूनें धरलेल्या छज्ज्यांत वरच्या अंगास.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचें घर बांधलें जात होतें. गवंड्यानें संवयीनें छज्ज्याच्या सळयाहि तळाशींच ठेवलेल्या आम्हीं पाहिल्या. विचारलें तर तो हंसून म्हणाला, "मास्तर, लोखंड तें लोखंड, वर काय नि खालीं काय!" शाळामास्तरानें दुसऱ्याच्या धंद्यांत किती बोलावें, असें वाटून आम्ही गप्प बसलों. दुसऱ्या पावसाळ्यांत तो छज्जा भिंतीलगत वरून चिरला व एका रात्रीं खालीं आला. दिवसां त्याच जागीं मुलें गोट्या खेळत असत.

पुढें तो गवंडी भेटला तेव्हां आम्हीं त्यास हेंच खोडरबर वांकवून दाखविलें. त्यानें तें हातीं घेऊन दोनचार वेळां स्वतः वांकविलें, रेघा निरखल्या, आणि म्हणाला, "मास्तर, हें तेव्हांच कां नाहीं दाखविलेंत?"